अभ्यासाच्या मर्यादा

पुस्तक इंग्रजीत. मी पेन्सिलीनं शब्दावर शब्द लिहिते.
ॲट्रिशन म्हणजे गळती.
गळती म्हटलं की मला समडोळीतल्या आमच्या नळाची तोटी आठवते,
सुतळी गुंडाळून गुंडाळून शेवटी
आईनं खाली बादलीच ठेवली.
सर म्हणतात, उदाहरण उद्योगातलं द्या.

सहावं सत्र. साठ दिवस प्रोजेक्ट.
कुपवाड एमआयडीसीत व्हॉल्व्ह ओतणारी फौंड्री,
आणि तिच्या गेटवर
खांद्याला शिट्टीची दोरी अडकवलेले माझे वडील.

पहिल्या दिवशी कोपऱ्यावर मला उतरवून
ते गाडीवरनं पुढं गेले.
मी चालत पोचले तोवर टोपी घातलेली, चेहरा ड्युटीवरचा.
रजिस्टर उघडं.
"नाव?"
सन्मती भूपाल मगदूम.
त्यांनी पूर्ण लिहिलं, मधलं नावसुद्धा,
जरा सावकाश.
"कुणाला भेटायचं?"
शिकलगार साहेबांना.
"कारण?"
शिकायला आलेय.
पेन त्या रकान्यावर थोडा वेळ थांबलं,
मग लिहिलं: कामानिमित्त.
बॅगेची चेन उघडून बघितली.
डब्याला हात लावला नाही,
आत कसली भाजी आहे ते त्यांना ठाऊक होतं.

शिकलगार सर माणूस वाईट नाही.
चहा मागवला, म्हणाले, सोपा विषय देतो तुला,
सुरक्षा विभागातील मनुष्यबळाची गरज.

तीन पाळ्या, नऊ माणसं.
किती ट्रक, किती पाहुणे, किती मिनिटं रिकामी.
मी समोरच्या टपरीवर बसून मोजलं.
डबल ड्युटी असली की वडील
दिवस मावळायच्या आत डबा उघडतात,
अकरा मिनिटं.
ओडिशाचा एक पोरगा येतो फोन चार्जिंगला लावायला,
ते त्याच्याशी मराठीत बोलतात, तो उडियात,
दोघंही हसतात कधीकधी, एकाच वेळी.
ह्याला तक्त्यात रकाना नाही.
मी "इतर" मध्ये टाकलं.

कॅमेरे चार, अंगठ्याचं मशीन एक.
नवांचं काम सहांत होतं.
चूक सापडावी म्हणून तिसऱ्यांदा बेरीज केली.
सहाच आले.

आणखी एक बेरीज प्रोजेक्टात नाही:
तिसऱ्या वर्षाची फी म्हणजे बावीस डबल ड्युट्या.

रात्री जेवताना नव्हे, ते तर कधीच उरकलेलं,
झोपायच्या आधी पायाला तेल लावताना विचारतात,
"काय लिवतीस एवढं?"
गेटचं.
"गेटात काय लिवण्यासारखं हाय?"
आणि खुशीत येऊन आईला सांगतात,
आपल्या गेटवर पुस्तक निघालं बघ.

शेवटचं प्रकरण, अभ्यासाच्या मर्यादा.
हे सगळे जण सिनिअरच्या प्रतीतून उतरवतात.
वेळ अपुरा होता.
नमुना लहान होता.
मीही उतरवलं. मग तिसरी ओळ टाइप केली:
संशोधिका रोज सकाळी नमुन्याच्याच गाडीवर
मागं बसून येते.
पुसली.
पुन्हा टाइप केली, आणि विश्रामबागला जाऊन
तीन प्रती बांधायला टाकल्या
मन बदलायच्या आत.

आज एक प्रत कंपनीत द्यायची आहे.
कोपऱ्यावर उतरले, चालत आले.
त्यांनी चेन उघडली, प्रत बाहेर काढली.
काळं कव्हर, सोनेरी अक्षरं,
त्यावरनं अंगठा फिरवला, मशीनवर फिरवतात तसा नाही.
उघडली नाही.
"आत कुठंतरी माझं नाव हाय?"
नाव नाही, मी म्हटलं.
"असू दे," म्हणाले,
"तुझ्या मधी हायच की."
आणि रजिस्टर ओढून
माझी आत जायची वेळ लिहिली,
नऊ वाजून चार मिनिटं.